रेडकाचा वाटा

खरवसाच्या आशेने मी एका रेडकाच्या तोंडचा घास पळवला. तोही नववीच्या वर्गाला रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवणारा मास्तर असून.

शहाण्णव सालची गोष्ट. ओतूरला आमच्या शेजारी रतनबाई राहायची. तिची म्हैस पहाटे व्याली. उरलेला चीक आम्हाला, असं बोलणं आधीच झालेलं. गोठ्यात गेलो तर बाई दिसेना, खुंट्याजवळ चिकाने भरलेली चरवी मात्र दिसली. आपलीच समजून उचलली आणि घरी आणली. बायकोने, निर्मलाने, गूळ-वेलदोडे घालून वाफेवर ठेवली.

वड्या पाडतोय तोच रतनबाई दारात. रेडकू अशक्त, त्याला उभं राहून पिता येईना. म्हणून तिने चीक काढून ठेवला होता आणि पाजायला बाटली शोधायला गेली होती. आता म्हशीने पान्हा चोरलेला. मला वाटलं, शिव्या बसणार. ती वड्यांकडे बघत एवढंच म्हणाली, "मास्तर, त्याच्या अंगात अजून काईच न्हाई. आईनं दिलेली राखण तुमी वाफवली."

आणि ती तडक निघाली. जानकूची म्हैस आदल्या सांजेला व्याली होती. त्याची वस्ती शेतांमधून तासाभरावर. मागे मी, धापा टाकत. दुपारच्या आत चीक आणून, बोट चोखायला देत देत तिने तो रेडकाला पाजला. आईच्या पहिल्या दुधातून प्रतिपिंडं मिळतात, असं मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. फळ्याची आणि गोठ्याची ओळख करून द्यायची तेवढी राहिली होती.

रतनबाई गावातल्या बाळंतिणींकडेही जायची. पहिला पिवळा चीक जड म्हणून पिळून टाकणाऱ्या सासवांना ती विचारायची, म्हशीचा मिटक्या मारत खाता आन् लेकराचा मोरीत वतता व्हय? तिच्यापुढे टिकलेली सासू मला तरी ठाऊक नाही.

चौथ्या दिवशी रेडकू गोठाभर उड्या मारू लागलं. निर्मलाला तेव्हा सातवा महिना होता. मी खाली मान घालून म्हटलं, मावशी, आमच्या बाळाच्या वेळी तुम्हीच या.

"येते की. पन त्या दिशी तुमी चरवीला हात लावू नका."