बुसैतीनमधली गरम फरशी

नागपूर स्टेशनवर माझे वडील डब्याच्या खिडकीशी उभे राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "रजा वाढवता येते, राजीनामा परत घेता येत नाही. आधी तिथलं सगळं नीट बघ." मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. बिनपगारी रजा घेऊन, पाच वर्षांच्या मीनलला, म्हणजे तुमच्या आईला, घेऊन मी मुंबईमार्गे बहरीनला निघाले होते. तुमचे आजोबा तिथे एका कंत्राटदार कंपनीत पाइपफिटिंगचे फोरमन होते.

पोचल्या संध्याकाळीच कळलं, की पत्रांतला 'आपला फ्लॅट' म्हणजे उम्म अल हस्सममधल्या एका फ्लॅटची एक खोली. स्वयंपाकघर खेडच्या रुखसानाभाभींबरोबर अर्धं अर्धं. भाभी मायाळू होत्या, मीनलला माशाचे काटे काढून भरवायच्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण आजोबांनी मला खोटं लिहिलं होतं. त्या दिवसापासून ते काहीही बोलले, की मी ते मनात तपासून बघू लागले.

जानेवारी लागला. बहरीनची थंडी आपल्या नागपूरसारखी कोरडी नसते. समुद्रावरची ओल घरात शिरते आणि फरशीवर पाय ठेववत नाही. त्याच दिवसांत आजोबा सांगू लागले, की बुसैतीनच्या एका मोठ्या व्हिलात ते फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकताहेत.

"जमिनीला हीटर? बहरीनमध्ये?" मी विचारलं.

त्यांनी मीनलची उडी मारायची दोरी पलंगावर नागमोडी पसरून दाखवली. हे असे पाइप, खाली उष्णता अडवणारा थर, वर सिमेंट, त्यावर संगमरवर. "साधा हीटर एका कोपऱ्यात तापतो. तोंड भाजतं आणि पाय गारच. यात सगळी खोली सारखी उबदार. जळका वास नाही, वायर पायात येत नाही, भिंतीशी जागा अडत नाही." ते जितकं खोलात सांगत गेले, तितका माझा संशय वाढला. गृहपाठ न केलेली मुलंच सगळ्यात तपशीलवार कारणं सांगतात, हे मी वर्गात रोज बघत आले होते.

ओट्याशी भाभी हसत म्हणाल्या, "अगो भाभी, उन्हाळ्यात इथे नळाला आपसूक गरम पाणी येतं. उद्या सांगतील, दर्याला गिझर लावून आलो."

मला हसू आलं नाही. कंपनीची व्हॅन त्यांना न्यायला येईनाशी झाली होती. विचारलं, तर म्हणाले, "व्हॅन दुसऱ्या साइटला दिलीय." पँटच्या गुडघ्यांवर मात्र रोज सिमेंट असायचं. मी मनाशी हिशोब मांडला: कंपनीतली नोकरी गेली आहे, आणि हे चोरून दुसरीकडे काम करताहेत. पकडले गेले, की व्हिसा कॅन्सल. महिनाअखेर माझी रजाही संपणार होती. परत जायला उशीर झाला असता, तर दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या.

"मला ते घर दाखवा," मी म्हटलं.

"मालकाचं घर आहे. तुम्हाला कसं नेणार?"

मी कपाटावरची सूटकेस खाली काढली. पुढच्या शुक्रवारी ते आम्हाला बुसैतीनला घेऊन गेले.

मालकाच्या आईने दार उघडलं. मुंबईशी जुना व्यापार असलेलं घर, त्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. दाराशी चप्पल काढून मी अंग आक्रसून पांढऱ्या संगमरवरावर पाय ठेवला. तुमच्या टोरंटोच्या बाथरूममध्ये अशी फरशी आहे, तुम्हाला त्यात काय नवल. उन्हं उतरल्यावर गच्ची असते, तशी ती उबदार होती. तरी मी खात्री केली. पडदे ओढलेले होते, म्हणजे ऊन नव्हतं. कोपऱ्यात जाऊन तळवा टेकला. तिथेही तेवढीच ऊब. मीनल तर पालथी पडली ती उठेना.

"पहले नमाज़ के बाद घुटना पकड़ के उठती थी," म्हातारबाई म्हणाल्या. "अब बैठी रहती हूँ. हीटर खलास. कंपनी ने तुम्हारे आदमी को भेजा, अच्छा किया."

नोकरी शाबूत होती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण राग आला. मी तिथेच मराठीत विचारलं, "मग फ्लॅटचं खोटं का लिहिलंत?"

"खरं लिहिलं असतं, तर आली असतीस?"

"आले असते. तुमच्यावर चिडून आले असते, पण आले असते."

माझा आवाज ऐकून म्हातारबाई काळजीने म्हणाल्या, "क्या हुआ? उधर ठंडा है?"

"नहीं अम्मा, बराबर गरम है," आजोबा म्हणाले, आणि मान खाली घालून मला म्हणाले, "चुकलं माझं. यापुढे वाईट असेल ते आधी सांगेन."

मी तेही लगेच मानलं नाही. राजीनामा दिला नाही, रजा वाढवून मागितली आणि वाट बघत राहिले. पगार लांबला, ते त्यांनी दारातच सांगितलं. फॅमिली व्हिसा अडला, तेही. वर्षभराने मी राजीनामा पाठवला.

बहरीन सुटूनही आता बरीच वर्षं झाली. तुम्ही फोनवर विचारता, "आजी, व्हेअर इज होम, रिअली?" नागपूर की बहरीन, याचं उत्तर मला देता येत नाही. काल आजोबा दवाखान्यातून आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहूनच म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करावं लागणार."

मी म्हटलं, "बरं. आता आत या."