मोजणी माझी, बोल सरांना

श्री. वसंतराव कापगते यांची आणि माझी पहिली भेट साकोलीच्या बसस्थानकासमोरच्या त्यांच्या कचेरीत झाली. कोंढ्याहून बी.कॉम.चं गुणपत्रक घेऊन मी नोकरी मागायला गेलो होतो. करसल्लागार कापगते सरांनी गुणपत्रक बाजूला सारलं आणि आखातात कामाला गेलेल्या एकाचा पासपोर्ट माझ्या हाती दिला. "हा माणूस यंदा भारतात किती दिवस होता? शिक्के पाहून सांग." मी चुकलो. "तुले कायची घाई आहे? पुन्हा मोज." चौथ्या खेपेला बरोबर आलं, तेव्हा सरांनी चहा मागवला.

परदेशी राहणाऱ्याचा इथला कर अशा दिवसांवर ठरतो, म्हणून स्वतः दिवस मोजल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा नेम. तुमसरच्या राइस मिलवाल्यांची मुलं बाहेर शिकायला जाऊ लागली, तेव्हा ते मला बजावत, "दोन देश म्हंजे दोन कायदे. इकडचा नियम तिकडे लावशीन, त पोराचं नुकसान करशीन." माझे वडील आजारी होते तेव्हा महिनाभर माझं काम त्यांनीच उरकलं आणि कुणाला कळूही दिलं नाही.

अशा माणसाचं मी काय केलं, ते आज लिहितो.

सरांची नात तन्वी कॉलेजपासून कॅनडात शिकते; आता तिथंच पीएच.डी.चं संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी ती भावाच्या लग्नाला उन्हाळ्याच्या शेवटी आली. सर तेव्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नागपुरात होते. तन्वीनं मला विचारलं, "काका, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत राहिली त चालते काय? तिकडे मले घर घ्याचं आहे. आबाजीले विचारून सांगा." सरांना त्रास नको म्हणून विचारलं नाही, असं मी मनाला समजावलं. खरं कारण माझी ऐट! दुसऱ्या दिवशी खुशाल सांगितलं, "रहा ना माय! आबाजी म्हणाले, एकशे ब्याऐंशी दिवसांच्या आत काहीच होत नाही."

तो आकडा आपल्या प्राप्तिकराचा. तिकडे परदेशी विद्यार्थ्याला घर घ्यायचं, तर मागच्या पाच वर्षांत दर वर्षी किमान दोनशे चव्वेचाळीस दिवस तिथंच राहिलेलं लागतं. तन्वी इथं पाच महिने राहिली आणि त्या वर्षीचे तिकडचे दिवस कमी पडले. पसंत केलेलं घर तिच्या हातून गेलं.

तिचा फोन कचेरीत आला. "आबाजी, तुमच्या शब्दावर राहिली मी!" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सर म्हणाले, "हो बेटा, माहीच चूक झाली."

"काहून असं बोललात, सर?" मी नंतर विचारलं.

"तुले अजून वीस वर्षं इथंच पोट भरायचं आहे. माह्यं काय, झालं आता."

तेव्हापासून सरांची नजर गेली, मोजणी गेली, असं गाव म्हणतं. तन्वी त्यांच्याशी बोलत नाही. आणि मी शेजारच्या खुर्चीत तोंड शिवून बसलो. लाज वाटते मला.

तन्वी, हा गौरवग्रंथ तुझ्याही हाती येईल. आबाजींना कुणी काही विचारलंच नव्हतं. पंचाहत्तरी गाठलेल्या सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. आणि हे वाचून होताच, बाई, तू त्यांना फोन कर.