फळ्यावरचा माझा चेहरा

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. बेळगावजवळच्या एका गावातल्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. घर निपाणीकडं, म्हणून गावातच खोली भाड्यानं घेतली होती. खोली देताना मालकीणबाईंनी विचारलं होतं, "सर, आमच्यातलंच न्हवं तुमी?" माझं आडनाव असं, की त्यांच्या आळीत सापडतं तसं आमच्या बौद्ध वस्तीतही. मी नुसता हसलो. त्या हसण्यावर वर्षभर राहत होतो. खोटं बोललो नव्हतो एवढंच काय ते समाधान. भीती मात्र रोजची.

बाई मनानं मोठ्या. भाजी चांगली झाली की वाटीभर पाठवायच्या. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून मीही वाटीत चिमूटभर साखर, कधी चार शेंगदाणे घालून पाठवायचो. त्यांची मुलगी माझ्याच सातवीच्या वर्गात, पहिल्या बाकावर. वाटीची ने-आण तीच करायची.

त्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे. मुलं दर वेळी डोंगर, सूर्य आणि झोपडी काढून आणत. मला त्याचा वीट आला होता. म्हटलं, आज स्वतःचा चेहरा काढा, पण घरात जे खाता त्यातूनच. पोरं खुलली. कुणी भाकरीचे गाल केले, कुणी मिरच्यांच्या मिशा. मालकीणबाईंच्या मुलीनं भाताच्या ढिगाचं तोंड काढलं आणि कानांत आमटीच्या वाट्या अडकवल्या. मी बाकांमधून हसत हिंडत होतो.

शेवटच्या बाकावर बौद्ध वस्तीतली एक मुलगी डाव्या हातानं कागद झाकून काढत होती. मी तिला हात बाजूला घ्यायला लावला. भाकरीचा गोल चेहरा, कपाळावर आडवी दोरी, आणि दोरीवरून केसांसारख्या लोंबणाऱ्या तांबड्या-काळ्या पट्ट्या. त्या चान्या होत्या, गुरांचं मांस चिरून उन्हात वाळवलेल्या. आमच्या दारातही अशीच दोरी असायची. लहानपणी कावळे हाकायचं काम माझ्याकडं होतं.

"ह्ये काय गं?" शेजारच्या मुलीनं तिला विचारलं. तिनं हात पुन्हा कागदावर ठेवला. मी पुढच्या बाकाकडं वळलो.

तेवढ्यात पुढून मालकीणबाईंची मुलगी म्हणाली, "सर, तुमचं बी काढा की फळ्यावर." सगळ्या वर्गानं ते उचलून धरलं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. खडू घेतला. मी पुरणपोळीचा चेहरा काढला, डोळ्यांच्या जागी लाडू. आमच्या घरी पुरण वर्षातून एकदा, तेही सगळ्यांना पुरेल असं नाही. वर्ग हसला. शेवटच्या बाकावरची तेवढी हसली नाही. ती माझ्या पोळीकडं बघत राहिली. मग तिनं हिरवी पेन्सिल उचलली आणि एकेका पट्टीवर आंब्याचं पान काढायला लागली. दोरीचं तोरण होत चाललं.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवत आलो होतो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

फळा पुसला. भाकरी काढली. आडवी दोरी काढली. मग एकेक पट्टी. खडू दोनदा मोडला. ज्यांना कळलं ते माझ्याकडं बघत होते, ज्यांना कळलं नाही ते त्यांच्याकडं. "आमच्या घरी याला चान्या म्हणतात," मी म्हणालो. "हे खाऊन मी मोठा झालो." घंटा व्हायला अजून वीस मिनिटं होती आणि ती सरता सरत नव्हती.

संध्याकाळी सामान रस्त्यावर असणार हे धरूनच मी खोलीकडं निघालो. सामान आत होतं. मालकीणबाई कट्ट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आदल्या दिवशीची वाटी माझ्याकडं होती. ती घासली, शेंगदाणे घातले आणि त्यांच्यापुढं धरली.

"ऱ्हाऊ दे ती तुमच्याकडंच," त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या. "परत आणू नगासा."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. खोली सोडा असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मीच सोडली.

वाटी मात्र मी दुसऱ्याच दिवशी शाळेत नेली, ब्रश बुडवायच्या पाण्याला. पुढच्या तासाला शेवटच्या बाकावरची मुलगी टेबलाशी आली. तोरणाची पानं खोडता खोडता तिचा कागद फाटला होता, म्हणून नव्या कागदावर तिला दोरी पुन्हा काढायची होती. तिनं वाटीत ब्रश बुडवला आणि विचारलं, "ही वाटी कुणाची हाय, सर?"

पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली.

"माझी," मी म्हणालो.