वशिंडात हाड नसतंय

न्हाय. चौकातल्या फ्लेक्सवरला त्यो माणूस आमचा न्हाय.

सकाळपास्नं फोनवर फोन. "काकू, सर लई वेगळे दिसाय लागलेत की." म्हणून हितंच पोस्ट टाकून एकदा सगळ्यांना सांगते.

आज ह्यांना जाऊन वरीस झालं. मंद्रूपच्या शाळंत चित्रकलेचे मास्तर. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या तासाला दंगा केलाय, त्यामुळं वळख सांगत बसत न्हाय.

माझे धाकटे दीर, शिवाभावजी, त्यांनी सोलापुरास्नं फ्लेक्स छापून आणला. आमच्या दारापेक्षा मोठा.

ह्यांना कोट घातलाय. टाय बी हाय. भांग पाडलाय. तोंड मिटलेलं.
खाली लिव्हलंय: शांत, संयमी, मितभाषी, शिस्तप्रिय.
त्याच्या खाली शिवाभावजी सोता. गॉगल लावून. मेलेल्या माणसापेक्षा मोठे.

मितभाषी!

आमच्या घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. ह्यो माणूस दोन्हीत बडबडायचा. धार काढताना गोठ्यात आले तर म्हैस दूध चोरायची.

डोकं फिरलंय माझं. सांगते का ते.

नवं लग्न झालेलं. सांजचं मला माळाला फिराय नेलं. मला वाटलं, आता काय तरी ग्वाड बोलत्याल.
हे जाऊन मेलेल्या बैलाच्या सांगाड्यापुढं उकिडवे बसले.

"सांग बघू, ह्यात पाठीवरचं वशिंड कुटंय?"
"बैलच ऱ्हायला न्हाय, वशिंड कुटलं?"
"तसं न्हवं गं. वशिंडात हाड नसतंय. उद्या समदी माणसं संपली, जनावरं संपली, दुसरंच कोण तरी आलं आणि निस्त्या हाडांवरनं बैल काढाय बसलं, तर कसा काढंल?"

आणि काटकीनं मातीत काढून दावला. वशिंड न्हाय. गळ्याखालची पोळी न्हाय. कान न्हाईत. कातडं हाडाला चिकटलेलं.

मी म्हनलं, "ह्यो बैल व्हय? शिंगं फुटलेलं कुत्रं हाय."
हसता हसता मागच्या मागं पडले. धोतराला सगळी माती.
व्हय, धोतर. कोटवाल्यांनो, वाचताय न्हवं?

तितनं नाद लागला. मागल्या भिंतीवर कोळशानं रोज एक जनावर, हाडावरनं काढलेलं.

हत्तीला सोंड न्हाय, कारण सोंडंत हाड न्हाय. कवटीत मधोमध नाकाचं भोक असतंय म्हणं, तितं एकच मोठा डोळा.
ससा बिनकानाचा. उंदराचा थोरला भाऊ.
मोर म्हंजी सोललेली कोंबडी.

आणि मांजर! असलं काढलं की वाघ पळंल. मी म्हनलं, "आवो, आपली मनी हाय ती, चुलीपाशी झोपती."
तर म्हनले, "दात बघून राक्षसच म्हनणार. चुलीपाशी झोपती हे हाडावर कुटं लिव्हलंय?"

आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. मांडी घालून, बसवून.
त्याचीबी चेष्टा केली ह्यांनी.
"लाख वर्सांनी मला उकरतील आणि म्हनतील, ह्यो प्राणी जलमभर बसूनच ऱ्हायचा."
"मग त्यात खोटं काय हाय? तांब्याभर पाणी तरी कवा उठून घेतलंय का?"
तोंडात पान हुतं. हसता हसता निम्मं शर्टावर.

गेल्या साली खड्ड्यात बसवलं तवा तोंड मिटलेलं हुतं. इतकं गप मी ह्यांना पैल्यांदाच बघितलं.
फ्लेक्सवाल्यांना नेमका त्योच माणूस आवडला.

मगा चौकात गेले. शिवाभावजी हार घालत हुते.

"ह्यो कोण?" मी इचारलं.
"काय वैनी, दादा न्हवं का."
"कोट कुणाचा?"
"डिझायनरनं घातला. पर्सनॅलिटी येती."
"लग्नात सुदिक कोट घातला न्हवता. आणि मितभाषी काय? शिस्तप्रिय काय? पोरांबरं बाकावर बसून चिंचा खायचा त्यो माणूस."
"वैनी, हळू. माणसं बघायलीत. गेलेल्याबद्दल चांगलं लिव्हायचं असतंय."
"मग खरं लिवा की! चांगलंच हुतं ते."

भावजींनी वर फ्लेक्सकडं बघितलं. हार हातातच.

मी म्हनलं, "वशिंड काढून टाकलेला बैल आणून बांधलाय तुमी चौकात."
त्यांना काय कळलं न्हाय. ह्यांना कळलं असतं. मागच्या मागं पडले असते.

मग भावजी बारीक आवाजात म्हनले, "आमी काय करायचं वैनी? फोटो तुमीच दिलासा. शाळंच्या ओळखपत्राचा. म्हनलासा, दुसरा न्हायच."

मी पदर खोचला आणि घरी आले.

ती कोळशाची भिंत रंगाऱ्यानं कवाच पांढरी केली. तुमच्यातल्या कुणाला मास्तरांचा आवाज याद असंल, एखादी चेष्टा याद असंल, तर खाली लिवा. "सर महान होते" असलं लिव्हलं तर डिलिट करीन.

श्रद्धांजली तिकडं फ्लेक्सवर हाय, मोठ्या अक्षरात. माझी ही एवढीच.

आवो, तुमी बसा निवांत. पाणी मी आणते.

आणि शिवाभावजी, तुमी हे वाचणार, मला म्हाईत हाय.
दुसरा फोटो हाय.
हसतानाचा. डोळं मिटलेलं, तोंड लाल, शर्टावर पान सांडलेलं. माझ्या ट्रंकंत, लग्नातल्या शालूखाली.
तुमी मागितला तवा खोटं बोलले. गावानं बघावा असं वाटलं न्हाय मला.
परत मागितलासा तर परत खोटंच बोलीन.