केतकीच्या इंग्रजी गाण्याची कॅसेट

शारजाला उतरले तेव्हा हवा आमच्या रत्नागिरीसारखीच दमट होती, फक्त हिरवं काही नजरेला पडत नव्हतं. न्यायला माझा मावसभाऊ सुधाकर आला होता. हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात तो सुपरवायझर.

"यल्ला ताई, लवकर चल," तो म्हणाला. "संध्याकाळी शाळेत आमच्या केतकीचं गाणं आहे. इंग्लिश."

घरी वहिनीने सुरमई तळली होती, सोबत खुबूस (इथली भट्टीतली रोटी). मासा इतका ताजा की मी दोनदा वाढून घेतला. बारावीतल्या केतकीला विचारलं, पुढे काय?

"कॉलेज," ती म्हणाली.

सुधाकर हसला. "मुलीचा व्हिसा लग्न होईपर्यंत बापाच्या नावावर असतो ताई, पुढे नवऱ्याची रिस्पॉन्सिबिलिटी. चिपळूणला स्थळ बघितलंय, मुलगा बँकेत आहे. मेमध्ये लग्न, खलास."

केतकी ताट उचलून आत गेली.

शाळेतल्या संगीताच्या बाई विलायतेच्या. त्यांनी मुलींना तिकडची जुनी खेड्यातली गाणी शिकवली होती. पहिल्या गाण्यात खलाशी वचन देऊन निघून गेला आणि दिवस गेलेली पोर किनाऱ्यावर राहिली. दुसऱ्यात थोरल्या बहिणीने नवऱ्या मुलापायी धाकटीला पाण्यात ढकललं. तिसरं केतकीचं. मुलीने आपल्या मनाने माणूस निवडला, म्हणून भाऊ तिला नदीवर घेऊन जातात. आई विचारते, पोर कुठे आहे? भाऊ हात धुऊन जेवायला बसतात.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यामुळे जुन्या धाटणीचे शब्दही कळले. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. बाकी सभागृह टाळ्या वाजवत होतं. सुधाकर व्हिडिओ घेत होता. "उच्चार बघ कसे आहेत," तो मला म्हणाला. अर्थ त्याच्या कानावरूनही गेला नव्हता.

आखातातून परतणाऱ्याच्या बॅगेत दुसऱ्याचं सामान असतंच. माझ्या बॅगेत सुधाकरच्या त्या व्हिडिओची कॅसेट आली, चिपळूणच्या मंडळींना मुलगी दाखवायला. बॅग भरताना केतकी जवळ आली.

"आत्या, यू अंडरस्टूड, नो?"

"समजलं."

"देन टेल देम. अर्थ सांग. दे विल से नो."

मी कबूल केलं. मला तिचा अभिमान वाटला.

मुंबईला कस्टमवाल्याने कॅसेट उलटीपालटी केली. "पिक्चर आहे?"

"भाचीचं गाणं आहे," मी म्हटलं. त्याने सोडली.

चिपळूणला मुलाच्या घरी चहा झाला, कॅसेट लागली. मी ओळीओळीचा अर्थ सांगत गेले, नदी सांगितली, भावांचं जेवण सांगितलं. मुलगा खाली बघत होता. त्याच्या आईने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मला वाटलं, जमलं.

"गाण्यात असतंच हो असं," त्या म्हणाल्या. "कॅसेट जरा मागे घ्या. ती स्टेजवर चालत येते ना, ते परत लावा. पायात काही दोष नाही ना, बघू."

मुलाने रिमोट उचलला. केतकी उलटी चालत पडद्याआड गेली आणि पुन्हा पुढे आली. तीन वेळा.

मी रत्नागिरीला पोचायच्या आधीच त्यांचा शारजाला फोन गेला होता, मुलगी पसंत आहे.

शेजारणी विचारतात, शारजा कसं आहे? रस्ते चांगले आहेत, मी सांगते, मासे ताजे मिळतात. मनातून चीड जात नाही. गाण्यातल्या पोरीला निदान बोट दाखवायला दोन वाईट भाऊ तरी होते. केतकीच्या भोवती सगळी चांगली माणसं आहेत.