चांदे ते कोळवण : व्याह्यांच्या शेतावर सावडीचा दिवस

निघण्याचे खरे कारण लपवून लिहिलेले प्रवासवर्णन मला पटत नाही, म्हणून ते आरंभीच सांगतो. मला माझ्या व्याह्यांचा हेवा वाटत होता.

व्याही म्हणजे कोळवणचे सोपानराव, आमच्या शालनचे सासरे. वयाने माझ्याच बरोबरीचे. दोन्ही घरांचा मिळून मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी सोपानरावांचे छायाचित्र येई. कधी बांधावर उभे, कधी डोक्यावर गवताचा भारा, कधी नुसतेच भाताच्या लोंब्यांत हात घालून हसत असलेले. खाली मुले, सुना, नातवंडे बदाम आणि टाळ्या पाठवीत. त्याच ग्रुपवर मीही रोज गुलाबाच्या फुलासह एक सुविचार पाठवीत असे. शुद्धलेखन तपासून पाठवीत असे. त्याची दखल कोणी घेत नसे.

ही छायाचित्रे मी अंथरुणात पडून पाही. चांद्याच्या आमच्या शेतावर आता खोल्या उभ्या आहेत आणि त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी मुले भाड्याने राहतात. खोल्यांचा व्यवहार मुलगा पाहतो. मला काही काम उरलेले नाही. सकाळी डोळा उघडला की हात प्रथम मोबाईलकडे जाई. दुसऱ्यांच्या कुस्त्या, दुसऱ्यांचे ट्रॅक्टर, दुसऱ्यांच्या गावच्या जत्रा. चहा निवून जाई, आंघोळ दुपारवर ढकलली जाई. उठावे असे वाटतच नसे. अंगात ताप नाही, कोठे दुखत नाही, तरी उठवत नाही, ही अवस्था ज्याने भोगली आहे त्यालाच कळेल.

अखेर मुलाने डॉक्टरांकडे नेले. ‘मी वेडा नाही’ असे मी खुर्चीवर बसण्यापूर्वीच सांगितले. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. म्हणाल्या, “वेडं कोण म्हणतंय बाबा? मन थकलंय तुमचं.” त्यांनी गोळ्या दिल्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत झोपवावा असे सांगितले. शेवटी म्हणाल्या, “रोज हातानं एक तरी काम करा. ज्याची कुणी वाट बघत असेल असं काम.” घरी परतताना मी पुष्कळ विचार केला. माझ्या कामाची वाट पाहणारे कोणी आठवले नाही.

त्यानंतर एके दिवशी सोपानरावांचे कापणीच्या तयारीचे छायाचित्र आले. मी ते दोन बोटांनी मोठे करून पाहत असता आमच्या सौभाग्यवती शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“त्या डबड्यात व्याह्याचं तोंड बघून जळण्यापरीस जाऊन या की एकदा. दिवाळी झालीया. लेकीलाबी बरं वाटंल.”

“मी जळत नाही,” मी म्हणालो.

“मग वास कसला येतोय?” त्या म्हणाल्या आणि पिशवी भरावयास लागल्या.

कोळवणला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मार्ग असा. चांद्याहून नांदे, लवळे करीत पिरंगुटपर्यंत रिक्षाने यावे. भाडे बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पिरंगुटला पौडची बस मिळते. पौडहून कोळवणला एसटी आहे, परंतु तिच्या भरवशावर न राहता जीप धरावी. रस्ता बरा आहे. काही ठिकाणी खड्डे आहेत, तेथे पाठ सांभाळावी.

लवळ्याला आमच्या रिक्षात कॉलेजची दोन मुले आणि एक मुलगी चढली. तिघेही मान खाली घालून आपापल्या मोबाईलमध्ये. आजच्या पिढीविषयी मनात काही कठोर शब्द जुळवीत होतो, इतक्यात ती मुलगी नम्रपणे म्हणाली, “आजोबा, तुमचा आवाज जरा कमी करता का?” माझ्या हातातील कुस्ती रंगात आली होती. मी आवाज बंद केला. कठोर शब्दही तेथेच राहिले.

पौडला स्थानकाजवळ चहा आणि कांदाभजी घेतली. भजी गरम होती, तेवढे पुरे. जीपवाल्याने “दोनच शिटा बाकी हायेत” असे सांगून आम्हांला बराच वेळ बसविले, आणि त्या दोन जागांवर चार माणसे आल्यावर जीप निघाली.

पौड मागे पडले की दोन्ही बाजूंना डोंगर सरकत येतात आणि मध्ये वळकी नदीचे खोरे उघडते. त्या दिवसांत ते सगळे खोरे पिवळे झाले होते. मधूनमधून शहरातील लोकांच्या बंगल्यांच्या भिंती आणि बंद फाटके दिसतात. ती सोडली तर भातखाचरेच खाचरे, आणि दूर तिकोन्याचे टोक. वाटेत मोबाईलची रेंज गेली. गेली हे ठाऊक असूनही माझा हात खिशाकडे जातच राहिला. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारले, “बाबा, खिशात इंचू हाय का?”

घरी पोचलो तेव्हा व्याही शेतावर होते. शालनने पाय धुवायला पाणी दिले, सतरंजी अंथरली. तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली. बऱ्याच दिवसांनी मी दुसरी भाकरी मागून घेतली. जेवता जेवता सहज म्हणून म्हणालो, “तुझ्या सासऱ्यांना छायाचित्रांचा फार नाद दिसतो.”

“मामंजींना? दादा, त्यांना फोन उचलायचा कसा ते धड येत न्हाई. फोटू मी काढते, त्यांच्या फोनातनं मीच टाकते.”

“कशासाठी?”

“तुमच्यासाठी. आई सांगती, तुमी सारखं फोनातच असताय. म्हणलं, फोनातनंच बोलवावं. पण तुमी नुसतं बघताय, येत न्हाई.”

हे ऐकून माझा हेवा कमी व्हावयास हवा होता. तो झाला नाही, त्याने केवळ जागा बदलली. माझी लेक पहाटे उठून दुसऱ्या माणसाचे हसू टिपत होती, कारण हसणारा बाप तिला घरचा उपलब्ध नव्हता.

संध्याकाळी सोपानराव आले. गुडघ्यापर्यंत माती, खांद्यावर टॉवेल. “या पाव्हणं, वाट चुकला म्हणायचं,” असे म्हणून त्यांनी मला मिठी मारली. जेवणानंतर स्वतःच म्हणाले, “शालन म्हणती, तुमच्या फोनात कुस्त्या हायेत. दावा की.” त्यांच्या ओसरीच्या एका कोपऱ्यात थोडी रेंज येते. तेथे आम्ही दोघे टेकलो. एक कुस्ती झाली. सोपानराव मांडीवर थाप मारून म्हणाले, “लई भारी. झोपतो आता.” आणि खरोखरीच उठून गेले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांच्या शेताचा, त्यांच्या गुडघ्यांचा, त्यांच्या दातांचा हेवा मी घरून निघतानाच बरोबर आणला होता. एकच कुस्ती पाहून उठता येते, या गोष्टीचा हेवा तेथे नव्याने जडला.

दुसऱ्या दिवशी कापणी होती, आणि ती सावडीने. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सावड म्हणजे आज सर्वांनी माझ्या शेतात राबावे, उद्या मी त्यांच्या शेतात. त्यात मजुरी नसते. दिवसाची फेड दिवसानेच करावयाची, पैशाने नाही. शेजारपाजारची माणसे विळे घेऊन आली, ओळ धरून वाकली, आणि पेंढ्या मागे पडू लागल्या. मला मात्र बांधावरच्या आंब्याखाली खाट टाकून दिली होती. त्यावर चादर, उशाला पाण्याचा तांब्या. व्याही म्हणजे मानाचा पाहुणा.

तेथे बसून मी काय पाहिले? सोपानराव ओळीच्या मध्यभागी. डावीकडून कोणी त्यांची चेष्टा करी, उजवीकडून कोणी हाक मारी, शालन त्यांना पाणी नेऊन देई. “मामंजी, दमानं.” रेंज नव्हती, म्हणून मी मोबाईलमधील जुनी छायाचित्रे वरखाली करीत बसलो. त्यांतही सोपानरावच होते.

मला ते सहन झाले नाही. उठलो, खाचरात उतरलो आणि म्हणालो, “सोपानराव, मला विळा द्या.”

ओळ थांबली. सोपानरावांनी कपाळाचा घाम पुसला. “व्याह्याच्या हातात इळा दिला तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. बसा तुमी सावलीला.”

“मी शेतकरी आहे. माझे हात पांगळे झालेले नाहीत.”

“कोण म्हणतंय पांगळे? पर मान हाय तुमचा.”

“तो मान मला नको आहे.”

ते हट्टाला पेटले, मीही. शालन दोघांच्या मध्ये उभी राहून पदर चावू लागली. तेव्हा ओळीच्या टोकाच्या ठकूबाई कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. या सोपानरावांच्या शेजारच्या खाचराच्या मालकीणबाई. सर्वांत वडीलधाऱ्या.

“सोपाना, पाव्हणा म्हणून इळा देऊ नगंस. सावडीत येत असंल तर दे. सावडीत कोण पाव्हणा न्हाई.” मग माझ्याकडे वळल्या. “पर दिस फेडून घ्यावा लागतोय, बाबा. तुमच्याकडं फेडायला हाय का काय? का नुसत्या खोल्याच?”

कोणीतरी हसले. माझ्याकडे शेत नाही हे सर्वांना ठाऊक होते. मी ताठ मानेने म्हणालो, “माझ्याकडे पुष्कळ काम आहे. सोपानरावांनी अवश्य यावे.”

“येतो की,” सोपानराव म्हणाले. त्यांनी आपल्या हातातील विळाच माझ्या हातात दिला.

पहिल्या काही मुठींतच माझे पितळ उघडे पडले. तळहात मऊ झाले होते. ओळ पुढे गेली, मी मागे राहिलो. ठकूबाई न वळताच म्हणाल्या, “बाबा, मोबाईल न्हाई त्यो, बोटानं सरकवू नगा. मूठ आवळा.” सगळी ओळ हसली. मीही हसलो असे शालन नंतर म्हणाली. मला आठवत नाही. हळूहळू मनगटाला जुना झोक आठवला. दुपारी बांधावर भाकरी खाताना हाताला फोड आला होता, आणि मोबाईल खाटेवरच विसरला आहे हे मला तेव्हाच कळले.

तिसऱ्या दिवशी अंग ठणकत असता जीपने परतलो. निरोप देताना सोपानराव एवढेच म्हणाले, “कळवा, कवा येऊ ते.”

येथे प्रवास संपला. परंतु संकट घरी होते. चांद्यात माझ्याकडे करण्यासारखे काय आहे? खोल्यांच्या मागे जमिनीची एक पट्टी उरली आहे. तिच्यात भाडेकरूंनी टाकलेल्या बाटल्या, फुटक्या फरशा, घाणेरीचे रान. कोळवणच्या माणसाने तिची ही अवस्था पाहिली असती तर मला तोंड दाखवावयास जागा उरली नसती. परतल्याच्या दुसऱ्या सकाळी मी बाटल्या गोळा करावयास लागलो. मग फरशा. मग घाणेरी मुळासकट. सौभाग्यवती दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, “व्याही येणारेत, का पंतप्रधान?”

मी बरा झालो असे लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत. मोबाईल आता स्वयंपाकघरातील फडताळात झोपतो, तरी काही सकाळी जाग आल्यावर उशाखाली हात जातोच. काही सकाळी पायांत शिसे भरल्यासारखे वाटते. अशा सकाळी मला डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याने उठविले असे म्हणणे शोभून दिसेल, पण ते खरे नाही. मला सोपानरावांनी उठविले. ते येऊन पाहतील, या एका विचाराने.

काल शालनचा निरोप आला. “मामंजी रविवारी दिस फेडायला येतायत. विचारतायत, इळा आणू का कुदळ?” मी ‘कुदळ’ असे उत्तर पाठविले आणि मागे जाऊन पट्टी पाहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की हेव्याच्या भरात मी जवळजवळ सगळीच खणून काढली आहे. व्याह्यांसाठी काम म्हणून उरला आहे तो केवळ भिंतीकडचा कोपरा. तेवढाही मी आज खणला, तर त्यांचा दिवस फिटणार कशावर?

हात फार शिवशिवत आहेत. कुदळ दारामागे उभी करून ठेवली आहे. तो कोपरा रविवारपर्यंत मी तसाच सोडणार आहे.