पाय धुऊन पुन्हा पंगतीत

प्याला माझ्या तोंडापाशी आला आणि पाळकसाहेबांनी तो मागं घेतला.

"तू नंतर," ते म्हणाले. "तुमच्या लोकांबरोबर."

मिशनच्या देवळात प्रभुभोजन चाललं होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. मी तोंड उघडून बसले होते. अख्ख्या मंडळीनं माझं ते उघडं तोंड पाहिलं. प्याला शेजारच्या बाईसाहेबांकडं गेला. त्या मंडळीच्या पुढाऱ्यांच्या पत्नी, जन्मानं ब्राह्मण. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

चूक माझीच म्हणायची. आम्ही महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. आमची जागा दाराजवळ, शेवटच्या चटईवर. प्याला सगळ्यांना एकच, पण आमच्यापर्यंत येईतो तळाला गेलेला असायचा. त्या रविवारी मला पुढं बसवलं, कारण उपदेश माझ्या आईवर होता. मला खुळीला वाटलं, पुढं बसले म्हणजे पुढच्यांबरोबर प्यायचं.

आईला जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता.

कोल्हापुरात प्लेग होता. दरबारच्या हुकमानं लोक घरं सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेले होते. बाईसाहेबांच्या काखेत गाठ आली तसे घरचे लांब झाले. नवराही झोपडीच्या दारातूनच प्रार्थना करायचा. मग आईला बोलावणं आलं. मिशनच्या दवाखान्यात ती रोग्यांचं करायची. मी तिचा पदर धरला.

"आये, जाऊ नगंस."

"त्यास्नी तरी कोण हाय गं?" एवढंच बोलली आणि पदर सोडवून गेली.

तिनं बाईसाहेबांचं गू-मूत काढलं. पाय धुतले. डोकं मांडीवर घेऊन आपल्या तांब्यानं पाणी पाजलं. तेव्हा त्या तांब्याला विटाळ नव्हता. बाईसाहेब उठून बसल्या आणि आई आडवी झाली. तिच्याजवळ मी एकटी. मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. शेवटी तिला घोट गिळवेना. मी तांब्या हातात धरून तशीच बसून राहिले.

आणि उपदेशात पाळकसाहेब म्हणाले होते, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे हिनं धुतले. नम्रता हाच तिचा दागिना. आता तिची जागा ही मुलगी घेईल. माळावर अजून रोगी आहेत."

आईनं मला वाचायला शिकवलं ते याच गोष्टीवर. पाय धुऊन झाल्यावर प्रभू काय करतो, मला पाठ होतं. तो कपडे अंगावर घालतो आणि पुन्हा त्याच पंगतीला बसतो. उपदेश पाय धुण्यापाशीच थांबला होता. माझ्या आईला पंगतीला कुणी कधी बसवलंच नाही.

प्याला दाराकडं निघाला. पाळकसाहेबांनी मला मागं जायची खूण केली. मी उभी राहिले.

"बाईसाहेब, माज्या आईच्या हातचं पानी तुमास्नी चाललं. मग माज्या तोंडाला लागल्याला प्याला का चालत न्हाय?"

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"खाली बस," पाळकसाहेब म्हणाले. "प्रभूच्या घरात गर्व नको."

मी बसले. तिथंच, पुढं. प्याला मागं जाऊन संपला.

दुपारी माळावर गेले. कुणी सांगितलं म्हणून नाही. एक म्हातारी पाणी पाणी करत होती आणि तिला तरी कोण होतं? तिला पाणी पाजलं. तिचे पाय धुतले.

पुढच्या प्रभुभोजनाला मी पुन्हा पुढच्याच चटईवर बसले. प्याला मला ओलांडून गेला. त्याच्या पुढच्या वेळीही. मी दाराकडं गेले नाही, तळातला घोट घेतला नाही. कोरड्या तोंडानं उठायची आणि माळ गाठायची. पाय मी मरेपर्यंत धुईन. पण धुऊन झाल्यावर माझी जागा पंगतीत आहे, आणि तिथनं मी उठणार नाही.